मिळालेली खुशी, कोणत्याही मार्गाने

शेवटी हुकूम निघाला तो असा: धाकटीने तीस दिवसांच्या आत शेठला तीन हजार आठशे परत करावेत, कारण साठ दिवसांपैकी एक्केचाळीस दिवस ती गरजेपेक्षा जास्त खुश होती आणि उरलेले एकोणीस दिवस मुळीच खुश नव्हती.

असा काही हुकूम निघालाच नाही, असं तूर्त आपण धरून चालू. धाकटीनेही पहिले दोन दिवस तसंच धरलं होतं. कागद तिने पिठाच्या डब्याखाली सरकवला आणि डबा रिकामा झाला तरी जागचा हलवला नाही.

तर सुरुवात पुलापासून.

उन्हाळा लागता लागता नदीवरच्या पुलाला चीर गेली. एवढीशीच, बोट जाईल एवढी. पण साहेबलोक येऊन तीत बोट घालून गेले आणि पूल बंद झाला. ट्रक वीस किलोमीटरचा वळसा घालून पलीकडूनच जायला लागले. खाणावळीसमोरचा रस्ता इतका मोकळा झाला की कुत्री मधोमध झोपायला लागली, आणि पुढे तीही कंटाळून निघून गेली.

धाकटी त्या खाणावळीत वाढपाचं काम करायची. वय चाळिशीला टेकलेलं. थोरला दीर आणि थोरली जाऊ दहा वर्षांपूर्वी भांडून शहरात गेले ते जाताना थोरलेपण घेऊन गेले. धाकटेपण हिच्याकडेच राहिलं. नवरा गवंडी. त्याने वीस वर्षं दुसऱ्यांच्या घरांत सळया घातल्या. मग एक दिवस परांचीवरून पडला आणि डॉक्टरने त्याच्या मांडीत एक घातली. हाड जुळलं. सळई दीड वर्षाने काढायची होती, तिला आता तीन वर्षं होत आली होती. वरचं टोक खुब्याशी बोचायचं. गवंडी एकाच कुशीवर झोपायचा, आणि उठताना आधी दातांवर दात ठेवायचा, मग पाय जमिनीवर.

"आज कशी आहे?" धाकटी सकाळी डबा भरता भरता विचारायची.

"सळई एकदम ठणठणीत," गवंडी म्हणायचा. "माझंच दुखतंय."

सळई काढायचे दहा हजार. डॉक्टर म्हणाला होता, आणखी एक पावसाळा गेला तर ती हाडात बसेल, मग काढता काढता हाडच मोडेल. पावसाळ्याला तीन महिने होते.

"माझ्या अंगात लोखंड कमी म्हणून तोच डॉक्टर मला गोळ्या देतो," सासूबाई बाजेवरून म्हणायच्या, "आणि ह्याच्या अंगात जास्त झालं म्हणून कापायला निघालाय. घरातल्या घरात वाटून घ्या म्हणावं!"

खाणावळीत धाकटीला रोजचे दोनशे होते. सगळ्या वाढप्यांना दोनशेच. शेठचं म्हणणं, "मी दोनशे देतो, गिऱ्हाईक दोनशे देतं, झाले चारशे. मी आणि गिऱ्हाईक मिळून तुम्हाला पोसतो." गिऱ्हाईक उठताना ताटाखाली जे ठेवून जायचं त्याला तिथे 'वरचं' म्हणत. वरचं सगळ्यांनी गल्ल्याजवळच्या स्टीलच्या उंच पेल्यात टाकायचं आणि संध्याकाळी समान वाटून घ्यायचं. ट्रक चालू होते तोवर पेला भरायचा. ड्रायव्हर लोकांचा हात सैल. कुणाला तक्रार करायला सुचलंही नाही, आणि तक्रार कशाची करायची हेही ठाऊक नव्हतं.

आता दिवसाला सात-आठ गिऱ्हाइकं. तीही पुलावरची. त्यातला ओव्हरसियर रोज दोन वेळा भात मागून घ्यायचा आणि दात कोरून काडी ताटात उभी रोवायचा. एकदा त्याने ताटाशेजारी दहाची नोट ठेवली. धाकटीने ताट उचललं. तो दारापर्यंत गेला, थांबला, परत आला आणि नोट उचलून खिशात घातली.

"सुट्टे लागतील," म्हणाला. "पूल झाला की देतो."

"पूल कधी होणार, साहेब?"

"मंजुरी आली की."

धाकटीचा हात ताट धरलेला तसाच राहिला. तिला नोटेचं एवढं वाटलं नाही. नोट उचलताना त्याने तिच्याकडे बघितलंही नाही. टेबलावरची माशी वारावी तसं केलं.

गिऱ्हाईक नसलं तरी काम होतंच. शेठला रिकामा हात बघवायचा नाही. तो धुतलेली ताटं पुन्हा धुवायला लावायचा. साठ ताटं दिवसातून तीनदा, सोड्याच्या पाण्यात. धाकटीच्या बोटांची कातडी पेरांवर फाटली. पुलाची धूळ वाऱ्याबरोबर यायची आणि टेबलांवर बसायची. ती पुसायची, मागे वळायची, तोवर पुन्हा बसलेली. दिवस मावळताना पेल्यातलं वाटून एकेकाच्या हातात जेमतेम वीस खुळखुळायचे. सगळ्यात जुना वाढपी मामा पेला उलटा करून तळावर थाप मारायचा, एखादं नाणं चिकटलं असेल तर पडावं म्हणून. चिकटलेलं कधीच नसायचं.

अशातच एक दिवस शेठने तिला स्वयंपाकघराची भिंत घासायला लावली. तेलाचे डबे पुढे ओढले तर मागे एक सरकारी कागद चिकटवलेला. तेलाने पारदर्शक झालेला. गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून धाकटीने तो वाचला. चौथीपर्यंत शिकलेली होती आणि अक्षर तिला आवडायचं. कागदावर लिहिलं होतं की कामगाराची किमान मजुरी दिवसाला चारशे. जिथे बक्षिसी मिळते तिथे मालक दोनशे देऊ शकतो. पण बक्षिसी धरून चारशे भरले नाहीत, तर उरलेली तूट मालकाने भरायची.

तिने ते तीनदा वाचलं. मग हात पुसले आणि गल्ल्यापाशी गेली.

"शेठ, वरचं कमी पडलं तर बाकीचे तुम्ही द्यायचे असतात?"

"कोण म्हणतं?"

"भिंत म्हणते."

शेठ उठून आत गेला, भिंत बघितली आणि डबे स्वतःच्या हाताने परत लावले. पंधरा वर्षांत त्याने पहिल्यांदा डबा उचलला असं मामा पुढे कित्येक दिवस सांगायचा.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर नवीकोरी वही घेऊन आला. हा मॅनेजर म्हणजे शेठचा मेहुणा. गुळगुळीत, खिशाला दोन पेनं, त्यातलं एक चालणारं. वहीत रकाने आखलेले: तारीख, नाव, सही. आणि एका रुंद रकान्यावर लिहिलं होतं: 'आज मिळालेली खुशी (कोणत्याही मार्गाने)'. 'बक्षिसी' हा शब्द शेठने आपल्या छपराखाली लिहू दिला नाही, म्हणून तिच्या जागी 'खुशी'. त्याचं म्हणणं होतं की त्या शब्दाला तूट चिकटून येते.

"हे काय लिहायचं?" धाकटीने विचारलं.

"दिसत नाही का? मिळालेली खुशी. ज्याची त्याने रोज लिहायची."

"खरी?"

"मग काय खोटी? खोटं लिहिलंस तर गुन्हा आहे. सरकारी वही आहे ही."

धाकटीला यात नवल वाटलं नाही. सरकार काहीही विचारतं हे तिला माहीत होतं. मागच्याच वर्षी एक माणूस दारात येऊन, शौचालय वापरताना समाधान वाटतं का, असं सासूबाईंना विचारून गेला होता. त्या म्हणाल्या होत्या, "आत असेपर्यंत वाटतं." तेही त्याने लिहून नेलं. आणि वरच्या पैशांचा हिशेब तर पेल्यात होताच, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. तो वहीत कशाला? तिने पेन घेतलं, जरा विचार केला आणि गोल अक्षरात लिहिलं: 'आज वारा होता. भट्टीजवळ घाम कमी आला.' खाली सही.

मामाला लिहिता येत नव्हतं. त्याच्या रकान्यात मॅनेजर स्वतःच 'दोनशे' लिहायचा आणि मामाचा अंगठा धरून टेकवायचा. शेठने वहीत सह्या झाल्या की नाही तेवढंच बघितलं. मॅनेजरने तेही बघितलं नाही.

असे साठ दिवस गेले. घरी चूल, मग पायी तीन किलोमीटर, मग ताटं, मग वही, मग पायी तीन किलोमीटर. खरं सांगायचं तर दिवसातली ती एक ओळ लिहायला धाकटीला आवडायला लागलं होतं. परतीच्या वाटेवर ती उद्याची ओळ शोधायची. 'सासूबाईंना आज दोन घास जास्त गेले.' 'नवरा काठीशिवाय दारापर्यंत आला.' 'ओव्हरसियर आजारी, आला नाही.' एका सोमवारी शेजारीण धावत खाणावळीत आली, तुझी शेळी व्याली म्हणून सांगत, आणि धाकटीने ठसठशीत लिहिलं: 'शेळीला दोन करडं झाली. दोन्ही पाठीच, बोकड नाही. एक पांढरी.' ज्या दिवशी काहीच सापडायचं नाही त्या दिवशी तिने प्रामाणिकपणे लिहिलं: 'खुशी नाही.' असे एकोणीस दिवस निघाले.

गवंडी आता रोज विचारायला लागला होता. "काय म्हणतो तुझा शेठ? तूट देतो का?"

"देईल. कागदच आहे तसा."

"कागद माझ्यापाशीही आहे. डॉक्टरचा. त्यावर दहा हजार लिहिलंय."

तिने बोटांवर मोजलं होतं. रोज एकशे ऐंशी कमी, साठ दिवस. दहा हजार आठशे. सळई निघून वर आठशे उरत होते. तिने शेठकडे मागितले. शेठने आकाशाकडे बघितलं. मग तिने एक दिवसाची मजुरी बुडवली आणि शहरातल्या कामगार कार्यालयात अर्ज देऊन आली. मामाला म्हणाली, साक्षीला या.

"धाकटे, मी काही बघितलं नाही गं."

"तुम्ही नाही बघितलं. तुमच्या अंगठ्याने बघितलंय."

मामाने अंगठा मुठीत लपवला. "ह्या वयात मला दुसरीकडे कोण ठेवणार?" एवढंच म्हणाला. तिने पुन्हा विचारलं नाही.

सुनावणी भर दुपारी. कार्यालयात बसायला एक बाक, त्याचा एक पाय आखूड, त्याखाली किमान मजुरीच्या परिपत्रकांचा गठ्ठा. साहेबांच्या डोक्यावरचा पंखा फिरायचा, बाकी खोलीत त्याचा नुसता आवाज यायचा. शेठच्या वतीने मॅनेजर आला होता, काखेत वही.

"बाईंना भरपूर खुशी मिळाली, साहेब," तो म्हणाला. "कोणत्याही मार्गाने. त्यांच्याच अक्षरात आहे, त्यांचीच सही आहे."

आता कुठे त्याने ती वही वाचली होती. आधी म्हणे तो आणि शेठ दोघेही घाबरले. मग शेठ हसला. मग दोघांनी बसून प्रत्येक ओळीपुढे तांबड्या शाईने आकडा टाकला.

साहेबांनी चष्मा चढवला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "'नवरा काठीशिवाय दारापर्यंत आला.' पुढे तीनशे लिहिलंय. हे कसं?"

"व्यायाम करवून घेणारा माणूस घरी बोलावला तर एका खेपेचे तीनशे घेतो, साहेब. बाईंचे वाचले."

"हं. 'सासूबाई हसल्या.' दोनशे."

"त्याला बाजारभाव मिळाला नाही. म्हणून किमान धरला."

"योग्य. 'शेळीला दोन करडं झाली.' सहा हजार?"

"साहेब!" धाकटी उभी राहिली. बाक तिच्या बाजूने वर आला. "शेळी माझी. चारा माझा. बोकड शेजाऱ्याचा. यात शेठ कुठे आला?"

"बाई, खाली बसा."

"बसते, पण हे सांगा आधी. शेठने काय केलं त्यात?"

मॅनेजर शांतपणे म्हणाला, "शेळी साडेबाराला व्याली, साहेब. बाई तेव्हा ड्युटीवर होत्या. ड्युटीच्या वेळेत मिळालेली खुशी आहे."

साहेबांनी ते लिहून घेतलं. धाकटीला वाटलं, आता हे हसतील. कुणीतरी हसेल. शिपाईसुद्धा हसला नाही.

"अहो, मला वाटलं, खुशी म्हणजे खुशी!" ती म्हणाली. "आनंद! वरच्या पैशाला आम्ही वरचं म्हणतो. पैसे किती मिळाले असं सरळ विचारलं असतं तर सरळ लिहिलं असतं. रोज वीस! शंभर माणसांची ताटं ह्या हातांनी उचलली तेव्हा कुणी विचारलं नाही, बाई, खुश आहेस का? साठ दिवस धुतलेली ताटं धुतली. बघा ही बोटं. आणि दिवसातून एकदा माझ्या मनात जरा बरं वाटलं, तर तेही मजुरीतून कापता?"

"वही सरकारी नियमाप्रमाणे ठेवलेली दिसते," साहेब म्हणाले. "सही तुमची आहे?"

"आहे."

"लिहिलेलं खरं आहे?"

खोटं लिहिलं तर गुन्हा होता. आणि दोन्ही पाठी होत्या, एक पांढरी. "खरं आहे," ती म्हणाली. "पण ते एकोणीस दिवस? तिथे 'खुशी नाही' लिहिलंय. त्या दिवसांचे तरी द्या."

साहेबांनी पानं उलटली. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काळजी दिसली. "हो की. 'खुशी नाही.' म्हणजे त्या दिवशी काम करायची तुमची खुशी नव्हती. आणि मजुरी मात्र घेतलीत?"

मॅनेजरला हे सुचलं नव्हतं. त्याने घाईघाईने चालणारं पेन काढलं.

पुढचं आपण वर वाचलंच आहे. एकोणीस दिवसांचे दोनशेप्रमाणे तीन हजार आठशे. न दिल्यास घरातील चीजवस्तूंची जप्ती.

शेठने तिला कामावरून काढलं नाही. काढलं तर नोटिशीचे पैसे पडतात. "यायचं तर ये," म्हणाला, "तुझ्या खुशीने."

ती गेली. जाताना दोन्ही करडं दोरीने धरून घेऊन गेली आणि गल्ल्यासमोर उभी केली. पांढरीने गल्ल्याचा कोपरा चाटला.

"शेठ, ही तीन हजार, ही तीन हजार. तुमच्याच वहीत लिहिलंय. तुमचे तीन हजार आठशे कापून घ्या, बाकीचे माझ्या हातावर ठेवा."

शेठने करडं बघितली. कान उचलून बघितले. "एवढ्याशा करडाला तीन हजार? खुळी का काय तू? आठशेला सुद्धा कोण घेणार नाही."

"मग साहेबांसमोर तीन कशी झाली?"

"ती खुशीची किंमत होती. ही करडाची."

मामा ताटं धुत होता. त्याच्या हातातलं ताट निसटून फरशीवर पडलं आणि बराच वेळ गोल फिरत वाजत राहिलं. धाकटी ते थांबेपर्यंत उभी राहिली. मग करडं घेऊन घरी आली.

गवंडी दारात बसला होता, दुखऱ्या पायाखाली गोणपाट. तिने पिठाचा डबा उचलला, हुकूम बाहेर काढला आणि त्याला मोठ्याने वाचून दाखवला. सगळा.

"म्हणजे माझा दारापर्यंत येण्याचाही हिशेब झाला?" गवंडी म्हणाला.

"तीनशे."

"आणि परत आत गेलो त्याचा?"

"तो नाही धरला."

"चीजवस्तू म्हणजे काय काय गं नेतील?" सासूबाईंनी बाजेवरून विचारलं. "मी नाही हं उठणार. बाजेसकट नेलं तर नेऊ दे, तेवढीच शहरात थोरल्याची भेट होईल."

गवंडी हसला. हसताना कूस हलली, सळई टोचली आणि हसू अर्ध्यातच मोडून त्याच्या तोंडून कण्हणं निघालं. त्याने खुबा दाबून धरला. धाकटी त्याच्या हाताकडे बघत राहिली. त्या हाताखाली काय आहे त्याकडे. मग तिने हुकूम उलटा केला, मागची बाजू कोरी होती. चुलीपुढे बसली. तिला राग आला होता, पण अक्षर नेहमीसारखंच गोल आलं.

'मेहेरबान कामगार अधिकारी साहेबांच्या सेवेशी,

विषय: जप्तीबाबत.

अर्जदार खाणावळीत वाढपाचे काम करते. आपला हुकूम मिळाला. तीन हजार आठशे माझ्याकडे नाहीत. तरी आपण ठरल्याप्रमाणे जप्ती करावी. घरातील चीजवस्तूंची यादी देत आहे. डबा एक, रिकामा. बाज एक, तिच्यावर सासूबाई आहेत. शेळी एक, करडे दोन. करडांची किंमत आपल्याकडे एक व शेठकडे दुसरी असल्याने, ती कोणत्या भावाने धरायची ते कळवावे.

याखेरीज घरात एक सळई आहे. चांगल्या पोलादाची, लांबी सुमारे सव्वा फूट, वापर तीन वर्षे, गंज नाही. सदर सळई माझ्या नवऱ्याच्या उजव्या मांडीत ठेवलेली आहे. घरातील सर्वात महाग वस्तू तीच आहे. ती आम्ही लपवलेली नाही.

तरी साहेबांनी कृपा करून जप्तीच्या यादीत सदर सळई पहिल्या क्रमांकावर घ्यावी आणि पावसाळ्यापूर्वी आपले कर्मचारी व डॉक्टर पाठवून, सरकारी खर्चाने, रीतसर भूल देऊन, ती काढून न्यावी, ही नम्र विनंती. टाके शासनाने घालावेत. पावतीवर सही करीन, आणि त्या दिवशी वहीत खुशी लिहीन. हवी तेवढी किंमत लावावी.'